बाळंतीण घरी आल्यावर

साखरखेर्डा आणि भोवतालच्या गावांत आता घरी बाळंतपण झालं, तर त्याची चर्चा होते. शेंदुर्जन, लव्हाळा, गुंज, सवडद, कुठंही पन्नाशी-साठीतल्या माणसांना विचारलं, तर आपल्या वेळच्या सुईणीचं नाव सांगतील; त्यांची नातवंडं मात्र दवाखान्यात जन्मलेली. राज्यभर हेच चित्र आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली शंभरापैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २००१-०३ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ बायका गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत दगावत होत्या. २०१८-२० पर्यंत हा आकडा ३३ वर उतरला. यामागे २००५ पासून गावोगाव नेमलेल्या आशा आहेत, त्याच वर्षीची जननी सुरक्षा योजना आहे, सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझर मोफत करणारा २०११ चा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम आहे, आणि २०१४ पासून रस्त्यावर धावणारी १०८ नंबरची गाडी आहे. वीस वर्षांत इतकं बदलतं, हे आधी मोकळेपणानं मान्य करायला हवं. सरकारी व्यवस्थेला नावं ठेवायची सवय आपल्याला इतकी जडली आहे की तिच्या हातून झालेलं मोठं काम नजरेतून सुटतं.

हे पुस्तक त्याच्या पुढच्या प्रश्नाविषयी आहे. सरळ बाळंतपण झालेली बाई दोन दिवसांनी घरी येते, सिझर झालेली आठवडाभरात. दाराशी भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो आणि ती आतल्या खोलीत जाते. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे ती आणि तिचं बाळ कुणाच्या हातात असतात? डॉक्टर मेहकरला किंवा बुलडाण्याला राहिला. नर्सबाईकडे अनेक गावं. बाळाचं पोट जरा जास्त उडतंय, बाळंतिणीला रात्री हुडहुडी भरली, हे आधी पाहणार ती सासू, आई, नणंद, नवरा. महाराष्ट्रात २०२० साली हजार जन्मांमागे १६ बाळं पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत आणि त्यांतली ११ पहिल्या २८ दिवसांतच गेली. त्यांपैकी काही दवाखान्यातच गेली, हे खरं. कमी दिवसांची, जन्मतः न रडलेली बाळं वाचवायला चांगले नवजात कक्षच लागतात. पण घरी सुखरूप आलेलं बाळ पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल इतकं का बिघडतं आणि ते वेळेवर का नेलं जात नाही, याचं उत्तर घरात शोधावं लागतं. सरकारनं बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. परतीच्या वाटेवर तिची सोबत फारच लवकर सुटते, हे माझं या विषयातलं मुख्य म्हणणं आहे.

ज्या मुलखासाठी हे लिहिलं जातंय, त्याची थोडी ओळख द्यायला हवी. साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातलं मोठं, बाजारपेठेचं गाव. पळसिद्ध महाराजांचा मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांच्यामुळे भाविकांना ते माहीत आहे. इतिहास वाचणाऱ्याला १७२४ ची लढाई आठवेल. निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाचा पराभव केला तो इथंच, आणि दख्खनचं पुढचं राजकारण त्या लढाईनं ठरवलं. गाव विदर्भात मोडतं, पण मराठवाड्याच्या वेशीवर. इथल्या सोयरिकी जालना जिल्ह्यात होतात, इथल्या लेकी तिकडे नांदतात आणि तिकडच्या इकडे. ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीनं किती महत्त्वाची आहे, ते पुढे येईलच.

तालुक्याचं नाव काढलं की जिजाऊ आठवतात. महाराष्ट्र सरकारनं २००५ मध्ये देशातलं पहिलं राज्य पोषण अभियान सुरू केलं, तेव्हा त्याला नाव दिलं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन. औरंगाबादहून व्ही. रमणी या सनदी अधिकाऱ्यानं ते उभं केलं. काम साधं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. अंगणवाडीतली रिकामी पदं भरायची. प्रत्येक मुलाचं वजन खरंखुरं करायचं, आणि कुपोषित मुलांचा आकडा वाढलेला दिसला म्हणून कुणावर डोळे वटारायचे नाहीत. दोन वर्षांच्या आतल्या बाळांकडे आधी बघायचं. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांपैकी ३९ टक्के वयाच्या मानानं खुजी होती. २०१२ च्या पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आलं. पुढे मात्र गाडी अडली. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचा हिशेब पाहिला, तर २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के मुलं खुजी होती आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. लक्ष घातलं की सुधारणा होते आणि लक्ष उडालं की ती थांबते, हे या आकड्यांतून वाचता येतं.

बाळंतिणीच्या खोलीत काय करता येतं, याचा धडा मात्र विदर्भाच्या दुसऱ्या टोकानं, गडचिरोलीनं घालून दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९९३ पासून त्यांनी गावातली नवजात बाळं एकेक करून मोजली. हजारातली ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. बाळंतपणं घरी होत होती आणि दवाखाना लांब होता. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला उबदार ठेवणं, वजन करणं, श्वास मोजणं, न रडलेल्या बाळाला हवा देणं, दूध पाजायला शिकवणं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, आई-बाप दवाखान्यात जायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीनं प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. शेतात राबणारी बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, हे ऐकून अनेक तज्ज्ञांनी कपाळावर हात मारला होता. तिसऱ्या वर्षी मृत्यूचं प्रमाण हजारी २५ च्या आसपास आलं. शेजारच्या गावांशी तुलना करता घट ६२ टक्क्यांची होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगाला त्याची दखल घ्यावी लागली.

दरम्यान २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. महाराष्ट्रात बालमृत्यू सरकारी कागदावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे त्यानं दाखवून दिलं आणि विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे खळबळ उडाली. ज्या बाळाचं अजून नावही ठेवलेलं नाही, त्याच्या जाण्याची नोंद कुणी करायची? मोजलंच नाही तर दुःख घरातल्या घरात जिरतं. नोंद ठेवणाऱ्या आशाताईला आपण पुष्कळदा 'कागद भरणारी' म्हणून हिणवतो, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

२०११ मध्ये गडचिरोलीची ही पद्धत देशभरच्या आशांकडे आली. इंजेक्शनचा भाग त्यांच्याकडे आला नाही, बाकी बरंचसं आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. या सहा भेटींचे तिला २५० रुपये मिळतात. ही रक्कम तिच्या कामाचा अपमान करणारी आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

आता अशी एक भेट जवळून पाहू. आशाताई आली की आधी साबणानं हात धुते, कोपरापर्यंत, आणि पदराला न पुसता तसेच वाळू देते. बाळाच्या पोटाला हात लावते, मग तळपायाला. पोट ऊन आणि पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजतेय, मग बाहेर चैत्राचं ऊन का असेना. थर्मामीटर काखेत धरते. झोळीच्या काट्याला बाळ अडकवून वजन घेते. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतं, ते स्वाभाविक. दहा-पंधरा दिवसांत जन्माच्या वजनावर यायला हवं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमनं वाढायला हवं. मग बाळ शांत असताना कपडा वर करून, घड्याळ समोर धरून ती पुरा एक मिनिट श्वास मोजते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं इथं चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर ती पुन्हा मोजते. पुन्हा तेवढेच आले, तर गाडी बोलावायची. शेवटी ती म्हणते, "पाजून दाखव बरं मला." आई लाजते, सासू म्हणते, "पितंय की चांगलं." तरी ती थांबते, कारण बाळ नुसतं तोंडात धरतंय की खरंच ओढतंय, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. मग वळते आईकडे. ताप आहे का, डोकं दुखतं का, अंगावरून किती जातं, दिवसात किती कपडे बदलले, वास येतो का, पोटऱ्या दुखतात का, झोप लागते का, रडू येतं का. अर्ध्या तासाचं काम. एखाद्या घरी चहा घेऊन पाच मिनिटांत उरकलेली भेटही रजिस्टरात पूर्णच दिसते. म्हणून आशाताई आली की तिच्याकडून ही सगळी तपासणी हक्कानं करून घ्या, असं या पुस्तकात घरच्यांना सांगितलं आहे.

आपल्या रीतिरिवाजांबद्दल हे पुस्तक काय म्हणतं, याची उत्सुकता घरातल्या जुन्या बायकांना असणार. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्याकडची फार शहाणी रीत आहे. डॉक्टरांचे बेचाळीस दिवस आणि आजीचा सव्वा महिना जवळजवळ एकच. अळीवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, खारीक-खोबरं, तेलानं अंग चोळणं, बाळाला ऊब देणं, हे सगळं ठेवावं. अळीवात लोह भरपूर असतं. काढून टाकायचं ते वेगळं. खोली बंद करून बाजेखाली धुमसती शेगडी ठेवली, तर तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. पहिला चीक पिळून टाकण्यासारखं नुकसान दुसरं नाही. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला तोच मिळायला हवा. मधाचं बोट वर्षाच्या आत नको. गुटी, ग्राइप वॉटर, वरचं पाणी सहा महिने नको, उन्हाळ्यातसुद्धा नको. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही. डोळ्यांत काजळ नको. नजरेची भीती वाटत असेल तर तीट तळपायाला लावा. बाळंतिणीचं पाणी तोडणं, डाळी-भाज्या बंद करणं हे दूध आटवण्याचे उपाय आहेत. कमी वजनाचं बाळ असेल, तर आईनं, आई थकली तर आजीनं किंवा बापानंही, ते उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे पेट्या अपुऱ्या होत्या. आज ती जगभर वापरतात.

या रीतीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते आणि खटकतेही. बाळंतिणीला कामातून सुटका मिळायची ती विटाळ म्हणून. विटाळ गेला हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर सुटकाही गेली. ज्या घरात दोनच माणसं आणि दोघांनाही रोजानं जायचं, तिथं सव्वा महिना कोण बसून खाऊ घालणार? सोयाबीनची सोंगणी लागली की वीस दिवसांची बाळंतीण बांधावर झोळी बांधून कामाला लागते. नोकरदार बाईला २०१७ च्या कायदा-दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शेतमजूर बाईला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. एवढ्यानं सहा आठवड्यांची मजुरी भरून निघत नाही. तिला 'आराम कर' असं सांगणं सोपं आहे, पण आराम परवडेल अशी रक्कम तिच्या हातात वेळेवर पडली पाहिजे, ही मागणी ग्रामसभेत व्हायला हवी.

आता सोयरिकींकडे येतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. गरोदरपणाची नोंद होते सासरी. तिथली आशाताई तिचं कार्ड भरते, गोळ्या देते, तपासणीला नेते. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन मुलगी माहेरी जाते. साखरखेर्ड्याची लेक जालना जिल्ह्यात दिलेली असेल, तर ती जिल्हा बदलते, महसूल विभागही बदलते. संगणकात तिचा क्रमांक असतो, पण माहेरच्या आशाताईच्या वहीत ती पाहुणी. बाळंतपण झालं, सव्वा महिना संपला, की ती बाळ घेऊन परत सासरी. जिवाला सर्वांत जास्त धोका असलेल्या काळात तिची दोनदा हातबदल होते. माहेरच्या आशाताईला वाटतं, नोंद तिकडची. सासरच्या आशाताईला वाटतं, बाई इथं नाही. बाळाचे डोस कुठं झाले, वजन कुणी केलं, रक्तदाब वाढला होता का, हे कुणाला विचारावं? माहेरी जाणं थांबवायचं कारण नाही. आईच्या हातचं खाणं आणि आईच्या घरातली झोप पुन्हा मिळत नाही. पण माता-बालक कार्ड साडीच्या घडीसारखं जपून पिशवीत न्यावं, आणि निघायच्या आधी दोन्ही गावच्या आशाताईंचं एकमेकींशी फोनवर बोलणं करून द्यावं.

बाळंतपणाच्या आधीच्या काळावरही पुस्तकात पुष्कळ आहे, मी त्यातलं थोडंच इथं घेतो. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, रक्तानं कमी आहेत. बाळंतपणात बाया दगावतात त्यात अतिरक्तस्राव हे मोठं कारण, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडं जास्त गेलेलंही सोसत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः भरलेली होती. ज्या जास्त कष्टाची कामं करत होत्या, त्यांची लहान. करडई, अंबाडी, तांदुळजा, चुका, शेवगा आपल्या बांधावर आणि परसात आहेत. अडचण बहुतेक वेळा ताटाच्या क्रमाची असते: सगळ्यांचं झाल्यावर गरोदर सून जेवते आणि तेव्हा पातेल्याच्या तळाला रस्सा उरलेला असतो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतल्या तर वाया जातात, हेही अनेक घरांत माहीत नसतं.

त्याहून मागे गेलं, तर मुलीचं वय. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. स्वतःचं शरीर भरायच्या आधी दुसरं शरीर भरायची वेळ तिच्यावर येते. आणि मुलीच्या जन्माबद्दलही बोललं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. जिजाऊंच्या जन्मगावाचा हा जिल्हा. जन्मलेली मुलगी आजारी पडली, तर गाडी त्याच घाईनं निघते का, हे प्रत्येक घरानं स्वतःला विचारावं. देशभरच्या सरकारी नवजात कक्षांत दाखल होणाऱ्या बाळांत मुली कमी दिसतात.

डेबोरा मेन आणि सेरीन थॅडियस या अभ्यासिकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले: निर्णय घ्यायला झालेला, दवाखान्यात पोचायला झालेला, आणि तिथं पोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला. आपल्याकडे दुसरा बराच कमी झाला. तिसऱ्यासाठी साखरखेर्ड्यापासून बुलडाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयापर्यंत डॉक्टर, रक्त आणि भूलतज्ज्ञ जागेवर हवेत. तो लढा लोकप्रतिनिधींना लढावा लागेल. पहिला उशीर मात्र ओसरीवर होतो. 'सकाळपर्यंत वाट पाहू', 'मालक शेतातून येऊ दे', 'आधी दृष्ट काढून बघू'. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, तळपायापर्यंत पिवळं झालं, झटके आले. आईला कपडेच्या कपडे भिजण्याइतकं जातंय, ताप आहे, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. ती बाई बोलेनाशी झाली, बाळाकडे बघेनाशी झाली, तरी तो आजार आहे. बाहेरचं काही लागलेलं नाही, तिला डॉक्टरकडेच न्यायचं.

म्हणून हे पुस्तक आधी सासूच्या आणि नवऱ्याच्या हाती पडावं, अशी माझी इच्छा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात नवऱ्यानं ते वाचलं, तर पाळणा लांबवायचा विचारही तो वेळेत करील. तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन यांची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नातवानं किंवा नातीनं मोठ्यानं वाचून दाखवावं. भाषा त्यासाठीच बोलण्यातली ठेवली आहे, आणि श्वास मोजण्याच्या, बाळ छातीशी धरण्याच्या कृती चित्रांत दिल्या आहेत.

मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला १०८ हा नंबर मोठ्या अक्षरांत छापला आहे. त्याखाली रिकाम्या ओळी आहेत, दोन रकान्यांत, सासर आणि माहेर. प्रत्येक रकान्यात आशाताई, अंगणवाडीताई, नर्सबाई, जवळचा दवाखाना आणि रात्री-अपरात्री येईल असा गाडीवाला, यांचे नंबर पेननं लिहायचे आहेत. पुस्तक पुढे वाचण्याआधी ते लिहून घ्यावेत, आणि डोहाळजेवणाच्या दिवशी दोन्ही व्याह्यांनी ते एकदा फिरवून लागतात की नाही ते पाहावं.